हौस का सुटते? तिरंदाजीच्या निमित्ताने



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आमच्यासारख्या माणसाला उभे करण्यात चालकांनी थोडे धाडसच केले आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली. तेव्हापासून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोर बसून ऐकावे, असाच रिवाज पडला आहे. आमचे अर्धेअधिक शिक्षण अशाच मांडवांत, मागच्या रांगेत बसून झाले. उरलेले रात्रशाळेत आणि वाचनालयात झाले. दिवसा लेथ आणि संध्याकाळी युनियन, ह्या दोन्हींच्या मधल्या फटीत जे वाचता आले ते वाचले. तेव्हा कुठे चुकले तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

चालकांनी विषय विचारला. आम्ही कामगार कायद्यावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही "तिरंदाजी" म्हणताच ते जरा दचकले. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने तर विचारले, "काय भाऊ, ह्या वयात पक्ष बदललात की काय?" आपल्या शहरात धनुष्यबाण म्हटले की माणसाला निवडणूक आठवते, ह्याला आमचा इलाज नाही. परंतु आम्ही बोलणार आहोत ते खऱ्याखुऱ्या तिरकमठ्याविषयी. त्याची दोरी हाताला लागते, आणि त्याचा बाण नेमका नको तिथे जाऊन बसतो.

हकीकत अगदी साधी आहे. आम्ही सहा कामगारांनी चाळिशीच्या आसपास असताना तिरंदाजीची हौस धरली. तीन वर्षे ती टिकली, आणि मग सुटली. ती कोणत्या दिवशी सुटली हेसुद्धा आम्हांला सांगता येणार नाही. भांडण झाले नाही, कंटाळा आला नाही, कोणी "उद्यापासून बंद" असे म्हटले नाही. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी जसे नकळत खाली जाते, तसे झाले. लोक म्हणाले, "नव्याचे नऊ दिवस." आम्हीही बरीच वर्षे तेच समजत होतो. ते उत्तर निम्म्याहून अधिक खोटे आहे, एवढेच सांगण्यासाठी आज आम्ही येथे उभे आहोत.

आरंभ झाला तो ऑक्टोबर २०१० मध्ये. दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा चालू होत्या. मुलुंडला आमचा इंजिनिअरिंगचा कारखाना होता. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तो पुढे बंद पडला आणि त्या जागेवर आता उंच मनोरे आहेत. त्याच्या उपाहारगृहात एक जुना दूरदर्शन संच होता. जेवणाच्या सुट्टीत त्यावर दीपिका कुमारी नावाची सोळा वर्षांची मुलगी दिसली. झारखंडात रांचीजवळच्या रिक्षाचालकाची ही मुलगी. तिने त्या स्पर्धेत दोन सुवर्णपदके मिळवली. पदकांपेक्षा आमच्या लक्षात राहिली ती तिची स्वस्थता. सगळे मैदान आरडाओरडा करीत आहे, आणि ही पोर दोरी हनुवटीशी आणून जणू घरात एकटीच उभी आहे! आमच्यातला एक जण म्हणाला, "आपल्याला दिवसभरात एवढी शांतता एकदा तरी मिळते का?" प्रश्न थट्टेचा होता, पण कोणी हसले नाही.

जवळच एक निवृत्त पी. टी. मास्तर राहत. तरुणपणी त्यांनी ही विद्या शिकली होती. आम्ही सहा जण त्यांच्याकडे गेलो. मास्तरांनी आमचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "दर रविवारी सकाळी सात वाजता या. चार रविवार धनुष्याला हात लावायचा नाही. कबूल असेल तर या." आम्ही कबूल झालो. एका शाळेचे मैदान रविवारी सकाळी रिकामे असे. त्याची परवानगी मास्तरांनीच काढली. सहा जणांनी वर्गणी काढून एक लाकडी धनुष्य, डझनभर बाण आणि लक्ष्याचे रंगीत कागद आणले. पेंढ्याचा जाड गठ्ठा करून त्यावर तो कागद ताणून बसवला. धनुष्य एक आणि माणसे सहा, अशी आमची सहकारी संस्था उभी राहिली.

श्रोत्यांपैकी ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ऑलिंपिकमध्ये लक्ष्य सत्तर मीटरवर असते. त्या वर्तुळाचा व्यास १२२ सेंटिमीटर, आणि दहा गुणांचे मधले पिवळे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरचे, म्हणजे न्याहारीच्या बशीएवढे. आम्ही अर्थातच दहा मीटरपासून आरंभ केला आणि तीन वर्षांत तीस मीटरपर्यंत पोहोचलो. आमचे धनुष्य पंचवीस पौंडांच्या ओढीचे होते. म्हणजे प्रत्येक बाणाला सुमारे अकरा किलोचे वजन ओढून धरल्यासारखे होते. आम्ही लोखंड उचलणारी माणसे, आम्हांला अकरा किलोचे काय, असे पहिल्या दिवशी वाटले. तिसऱ्या बाणाला हात थरथरू लागला. मास्तर म्हणाले, "हाताने ओढू नका, पाठीने ओढा." पाठीने ओढणे म्हणजे काय हे कळायला दोन महिने गेले. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला दोरीचे काळेनिळे वळ उठले. घरी बायकांनी विचारले, "मारामारी कुठे केलीत?"

मास्तरांचा एक नियम फार कडक होता. सगळ्यांचे बाण मारून होईपर्यंत कोणीही रेषा ओलांडायची नाही, आणि बाण काढायला सगळ्यांनी मिळूनच जायचे. त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर सहाही जण बोलत बोलत लक्ष्यापर्यंत चालत जात आणि बोलत बोलत परत येत. तीन तासांच्या सरावात बाण मारण्याचा वेळ थोडा आणि चालण्याचा फार. पुढे ध्यानात आले की, जे काही आम्हांला रविवारी ओढून नेत होते त्यात बाणाइतकाच ह्या चालण्याचाही वाटा होता.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. पहिल्या वर्षी आमचे बाण सारखे डावीकडे जात. नेम बदलला, पाय बदलले, काही उपयोग होईना. मास्तरांनी समजावले की, धनुष्यातून सुटणारा बाण काठीसारखा ताठ जात नाही. तो सुटताना धनुष्याला वळसा घालून किंचित वाकतो, मग उलट वाकतो, आणि असा लवत लवत सरळ होतो. बाण गरजेपेक्षा ताठ असला, तर उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे पडतो. टोक जड केले तर तोच बाण अधिक लवतो. बस्स, एवढे ऐकल्यावर आमच्यातल्या टर्नर मंडळींना काय हवे होते? जेवणाच्या सुट्टीत भंगारातल्या पितळी तुकड्यांची टोके लेथवर काढली, थोडी थोडी जड करीत गेलो, आणि एका रविवारी सहाच्या सहा बाण पिवळ्या-लाल रंगात बसले. फोरमनने पाहून न पाहिल्यासारखे केले. वीस वर्षे आम्ही दुसऱ्यांच्या नकाशाप्रमाणे माल काढत होतो. आमच्या स्वतःच्या गरजेसाठी आमच्या अकलेने काढलेला तो पहिला माल. त्या दिवशीचा आनंद पगारवाढीच्या आनंदापेक्षा वेगळा होता, एवढेच सांगतो.

आमच्या सहा जणांत प्रेस शॉपमधला एक गडी होता. उजव्या हाताच्या तर्जनीचे पहिले पेर त्याने पूर्वी एका कारखान्यात यंत्राखाली गमावले होते. हल्लीच्या पद्धतीत दोरी तर्जनी, मध्यमा आणि अनामिका अशा तीन बोटांनी ओढतात. अंगठ्याला काम नसते. एकलव्याची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. ह्या पद्धतीने तो बाण मारीत असता तर अंगठा गेला म्हणून त्याची विद्या गेली नसती! पण आमच्या गड्याची गेलेली तर्जनी मात्र नेमकी कामाची. एकलव्याला निदान गुरूने मागितले तरी; यंत्राने ह्याला विचारलेसुद्धा नाही. मास्तर म्हणाले, "दोन बोटांनी ओढ." तो दोन बोटांनी ओढू लागला, आणि वर्षभरात आमच्या सगळ्यांत उत्तम नेम त्याचा झाला. कारखान्यात त्याला "तुटक्या" म्हणत. रविवारी मैदानावर त्याला कोणी तसे म्हटले नाही. हे आम्ही ठरवून केले नव्हते.

हौसेचा उपयोग काय, असे व्यवहारी माणसे विचारतात. हाच उपयोग. यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाताचा वेग यंत्र ठरवते. दोरी ओढल्यापासून ती सुटेपर्यंतचे जे चार-पाच क्षण असतात, त्यांचा वेग दुसरे कोणीही ठरवीत नाही. आठवडाभर ज्याचा हात दुसऱ्याच्या घड्याळावर चालतो, त्याला हे चार क्षण काय आहेत ते कळते.

आता ही हौस सुटली कशी, ते पाहू.

पहिला गळाला तो ओव्हरटाइममुळे. मुलीचे लग्न होते, दुप्पट दराची गरज होती, रविवार गेला. त्याला दोष कोण देईल? दुसरा अंधेरीचा. त्याला ३४० नंबरच्या बसने घाटकोपरला यायचे आणि तेथून लोकलने मुलुंड गाठायचे. वर्सोवा, अंधेरी, घाटकोपर ही मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तोपर्यंत आमचा खेळ आटोपला होता. पावसाळ्यात दोनदा तो साकीनाक्याला तास-तासभर अडकला आणि मग येईनासा झाला. तिसरा बोरिवलीचा. मुलुंड आणि बोरिवली ह्यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. कावळ्याला तो पंखांच्या चार झपाट्यांचा, पण माणसाने लोकलने दादरला जाऊन गाडी बदलून उलटे यायचे. दोन वर्षे तो आला हेच नवल. मधल्या काळात शाळेच्या मैदानाचा रविवार लग्नसमारंभांना आणि वाहने लावायला देण्यात आला. आम्ही एका कोपऱ्यात सरकलो, मग दुसऱ्या मैदानावर गेलो. तिथे मुले क्रिकेट खेळत, आणि बाण चालवणे धोक्याचे होते. मुलांना हाकलण्याचा आम्हांला काय अधिकार? मैदान त्यांचेही होतेच.

इथपर्यंत सांगितले ते सगळे खरे आहे, पण ह्यातले कोणतेही कारण अखेरचे नव्हे. अखेरचे कारण सांगताना आम्हांला थोडी लाज वाटते. ते कारण आम्हीच आहोत. येथे "आम्ही" म्हणजे ते सहा जण नव्हेत. युनियनचे पदाधिकारी म्हणून वाटाघाटीच्या टेबलावर बसलेले आम्ही.

२०१२ साली नवा करार झाला. व्यवस्थापनाला यंत्रे सातही दिवस चालवायची होती. त्यांनी प्रस्ताव ठेवला की, रविवारची सरसकट सुट्टी बंद करावी, प्रत्येकाला आठवड्यात एक सुट्टी मिळेल, पण ती फिरती. कोणाला मंगळवार, कोणाला शुक्रवार. त्याबदल्यात दरमहा भत्ता. आम्ही घासाघीस केली, भत्ता दीडपट करून घेतला आणि सही केली. गेट मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या, गुलाल उडाला, आमच्या गळ्यात हार पडले. त्या गर्दीत आमचे पाचही तिरंदाज टाळ्या वाजवत होते. आम्हांलाही वाटले, केवढा विजय मिळवला! कोणाची सुट्टी गेली नाही, तास वाढले नाहीत, उलट पैसे आले. मग गेले काय?

गेले ते एकाच वेळी मोकळे असणे. पुढच्या महिन्यापासून सहा जणांना सहा वेगवेगळे वार आले. मंगळवारी एक माणूस धनुष्य घेऊन मैदानावर गेला, तर मैदानात शाळा भरलेली. शुक्रवारी दुसरा गेला, तर बाण आणायला चालत जाताना बोलायला कोणी नाही. मास्तर बिचारे दर रविवारी सात वाजता येऊन बसत. पुढे तेही येईनासे झाले. २०१३ च्या दिवाळीत आमच्या ध्यानात आले की, सहा महिन्यांत कोणीच गेलेले नाही.

आम्ही पैशाच्या बदल्यात सुट्टी विकली नव्हती. सुट्टी शाबूत होती. आम्ही रविवार विकला होता. सुट्टी आणि रविवार ह्यांत फरक आहे, हे आम्हांला तेव्हा कळले नाही. आणि ज्यांच्या नावाने आम्ही युनियनच्या सभा भरवतो, त्यांना मात्र तो सव्वाशे वर्षांपूर्वी कळला होता.

नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली. त्या वर्षी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारपुढे गेले. त्यात आठवड्याला एक दिवस, आणि तोही रविवार, सर्वांना सुट्टी मिळावी, ही ठळक मागणी होती. त्या काळी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले. सहा वर्षे हा झगडा चालला. एप्रिल १८९० मध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे सत्यशोधक होते. ख्रिस्ती लोकांचा प्रार्थनेचा दिवस म्हणून त्यांना रविवार हवा नव्हता. ज्या दिवशी कचेऱ्या बंद, भाऊबंद घरी आणि समाजाचे काम करायला चार माणसे एकत्र सापडतात, असा एक दिवस त्यांना हवा होता.

पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली आणि साप्ताहिक सुट्टी बंधनकारक केली. परंतु रविवारी काम करून घ्यायचे असेल तर आगे-मागे तीन दिवसांत दुसरी सुट्टी द्यावी, अशी सोयही त्यात होती. कायद्याने माणसाला एक दिवस दिला. तो इतरांबरोबरचा असावा, असे मात्र त्याने म्हटले नाही. आमच्यासारख्यांच्या सह्या ह्याच फटीतून शिरल्या.

कोणी म्हणेल, हा भांडवलदारांचाच कावा आहे. तसे नाही. कामगारांचे राज्य म्हणवणाऱ्या रशियात १९२९ साली हाच प्रयोग झाला होता. यंत्रे कधीच थांबू नयेत म्हणून पाच दिवसांचा अखंड आठवडा केला, कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग दिला आणि ज्याच्या त्याच्या रंगाप्रमाणे सुट्टी. विश्रांतीचे दिवस संख्येने वाढले. तरी लोक कुरकुरू लागले. नवऱ्याचा रंग पिवळा, बायकोचा लाल, तर घर एकत्र बसायचे केव्हा? १९३१ च्या अखेरीस ती पद्धत मोडून सहा दिवसांच्या आठवड्यात सर्वांना एकच सुट्टी द्यावी लागली, आणि १९४० साली सात दिवसांचा आठवडा व रविवार परत आला. हा इतिहास आम्ही करारावर सही केल्यानंतर वाचला. वाचनाचा क्रम चुकला की असे होते.

उलट टोकाचेही एक उदाहरण आहे, आणि ते तर तिरंदाजीचेच आहे. फ्रान्सशी चाललेल्या युद्धात इंग्रजांनी १३४६ साली क्रेसीची लढाई लांब धनुष्यांच्या बळावर जिंकली. पुढे १३६३ साली इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाने हुकूम काढला की, धडधाकट पुरुषांनी सुट्टीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव करावा. फुटबॉलसारखे खेळ बंद. म्हणजे दिवस दिला, मैदान दिले, सोबतही दिली, पण मन काढून घेतले. हुकमाने केलेली ती हौस नव्हे, ती कवायत. आम्हांला तसला रविवारही नको.

हौसेला काय लागते ते आम्ही आमच्या तीन वर्षांवरून असे मांडतो: वेळ, जागा आणि सोबत. आवड ही चौथी गोष्ट आहे, पण ती बहुधा पहिल्या तिघींच्या मागून येते. आपल्या महाराष्ट्रातले तिरंदाज पाहा. प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मोलमजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याला जागा मिळाली, अमरावतीला तिरंदाजी शिकला आणि टोकियोच्या ऑलिंपिकला गेला. साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे ह्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला एकाच दिवशी जगज्जेतेपदे मिळवली. आदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. दोघेही साताऱ्याच्या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली, उसाच्या रानाजवळच्या मैदानावर तयार झाले. त्यांचे कर्तृत्व मोठे आहेच. परंतु त्यांना मैदान होते, गुरू होता आणि बरोबरीची मुले होती, हेही तितकेच खरे. जगज्जेत्याला जे लागते तेच थोड्या प्रमाणात साध्या हौशी माणसाला लागते. जगज्जेता हरला तर आपण व्यवस्थेला जाब विचारतो. हौशी माणसाने हौस सोडली, तर मात्र त्याच्या स्वभावाला दोष देतो. हा न्याय नव्हे.

आता धनुष्याचे काय झाले ते सांगून संपवतो.

युनियनच्या कचेरीत ते भिंतीला टांगलेले होते. मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "सराव झाला की दोरी उतरवून ठेवायची. चढवलेले धनुष्य कधी टांगायचे नाही." शेवटी ज्याने कोणी ते टांगले, त्याने दोरी उतरवली नाही. कोणी ते आम्हांला ठाऊक नाही; बहुधा आम्हीच. दोन-तीन वर्षे ते तसेच लटकत होते. कारखाना बंद झाला, कचेरी हलवण्याची वेळ आली, तेव्हा ते खाली काढले. दोरी उतरवली, तर धनुष्य सरळ होईना. लाकडाने वाक धरला होता. ओढून पाहिले, ओढले जात होते, पण बाण लक्ष्यापर्यंत जाण्याची ताकद त्यात उरली नव्हती.

काही महिन्यांनी वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात हिरोडोटस ह्या ग्रीक इतिहासकाराने सांगितलेली इजिप्तच्या अमासिस राजाची गोष्ट वाचली. हा राजा सकाळी बाजार भरेपर्यंत राज्यकारभार पाही आणि मग मित्रांबरोबर खाण्यापिण्यात, हास्यविनोदात दिवस घालवी. हितचिंतकांनी त्याला टोकले की, हे राजाला शोभत नाही. त्यावर त्याने जे सांगितले त्याचा मथितार्थ असा: धनुष्यवाले कामापुरती दोरी चढवतात आणि काम झाले की उतरवतात. ती सदा चढवलेली ठेवली तर धनुष्य मोडेल, आणि ऐन वेळी उपयोगी पडणार नाही. माणसाचेही तसेच. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाला स्वतःविषयी जे कळले होते, ते कामगाराविषयी जगाला पटवून देण्यास फार काळ लागला. रॉबर्ट ओवेनने १८१७ च्या सुमारास आठ तास काम, आठ तास मनाजोगता वेळ आणि आठ तास झोप, अशी दिवसाची वाटणी मांडली. १८५६ साली मेलबर्नच्या पाथरवटांनी आठ तासांचा दिवस मिळवला. १८८६ साली त्यासाठीच शिकागोत रक्त सांडले. ह्या वाटणीतले पहिले आठ तास आम्ही युनियनवाल्यांनी नीट सांभाळले. झोपेचे जमेल तसे. मधल्या आठ तासांचे आमच्या मागणीपत्रात नावसुद्धा नसे.

हा विषय जुना झालेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास तेवढेच ठेवून कारखान्यातला दिवस नऊऐवजी बारा तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात १९४८ च्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. बेरीज तीच आहे, असे आपल्याला सांगण्यात येईल. बेरीज तीच असते. आमच्याही करारात तीच होती. मुलुंडला बारा तास काम करून बदलापूरला किंवा विरारला जाणाऱ्या माणसाच्या दिवसात मधले आठ तास कुठे बसतात, ते ज्याने त्याने बोटांवर मोजून पाहावे.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. ज्या कोणाच्या हाती करारावर सही करण्याची वेळ येईल, त्याने रुपयांच्या रकान्याशेजारी एक प्रश्न लिहून ठेवावा: ह्यातून माणसे एकत्र मोकळी होतील की एकेकटी? फिरती सुट्टी टाळता येत नसेल तर महिन्यातून निदान एक रविवार सर्वांचा असावा. नगरसेवकाला नळाविषयी आणि गटाराविषयी विचारता, तसे सकाळच्या मैदानाविषयीही विचारावे. आणि घरात कोणी पेटी, रंगपेटी किंवा धनुष्य माळ्यावर टाकले असेल, तर त्याला हसण्याआधी त्याची पाळी कोणती आहे ते पाहावे.

ह्या व्याख्यानाची तयारी करताना आम्ही त्या प्रेस शॉपमधल्या मित्राला भेटायला घाटकोपरला गेलो. तो आता रात्रपाळीचा पहारेकरी आहे. आम्ही त्याला म्हटले, "आपण तिरंदाजी का सोडली, यावर बोलणार आहोत." तो चहा ओतत होता. म्हणाला, "भाऊ, आपण कुठे सोडली? आपली पाळी बदलली."

ह्यापेक्षा नेमके आम्हांला काही सांगता येणार नाही.